फेरीचे पैसे

फोन आला तेव्हा दातवाले एका मास्तरीणबाईंच्या कवळीचे पुढचे दात मेणात बसवत होते. हे काम चालू असताना फोन घ्यायचा नाही असा त्यांचा नेम होता, कारण मेण गरम आहे तोवरच ऐकतं, एकदा थंड झालं की पुन्हा सगळं पहिल्यापासून. पण त्या दिवशी फोन हाताशीच पडलेला होता आणि वाजायचा काही थांबेना. शेवटी वैतागून त्यांनी करंगळीने बटण दाबलं आणि फोन खांदा आणि कान यांच्यात धरला. पलीकडे तीच होती, वसुलीवाली. आवाज मोठा गोड, म्हणून घरात तिचं नाव 'साखर' पडलं होतं. 'आली का तुमची साखर?' असं बायको स्वयंपाकघरातून विचारायची आणि ते हात हलवून तिला गप्प करायचे. मुलाचं थकलेलं कर्ज बँकेने कधीच कुठल्याशा वसुली कंपनीला विकून टाकलं होतं आणि साखर त्या कंपनीतर्फे बोलायची. तिची वाक्यं त्यांना तोंडपाठ होती. तुम्ही जामीन आहात सर, तुमची सही आहे सर, आम्हालाही वाईट वाटतं सर. ते नेहमीप्रमाणे 'हं, हं' करत एक सुळा मेणात रोवत होते. आणि ती म्हणाली, 'आता तर खातं पुन्हा चालू झालंय सर. तुमच्या मुलाने मध्यंतरी पैसे भरलेत ना.'

'कुणी?'

'तुमच्या मुलाने सर. त्यांच्याच नावावर जमा दिसतायत. तीनेक महिने झाले.'

सुळा मेणात गर्रकन फिरला. दातवाल्यांनी फोन हातात घेतला, बघितला, पुन्हा कानाला लावला. किती भरले, कुठे भरले, कसे भरले, यातलं एकही अक्षर त्यांच्या तोंडून फुटलं नाही. माणसाला जे विचारायला हवं ते नेमकं नंतर सुचतं. ते फक्त 'बरं, बरं' म्हणाले आणि एखादं झोपलेलं मूल ठेवावं तसा फोन टेबलावर ठेवला. कोपऱ्यातला पंखा घरघरत होता, पॉलिशच्या पावडरीचा पांढरा थर खिडकीच्या काचेवर होता, खालच्या रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर वर ढकलत होतं. सगळं होतं तसंच होतं. त्यांनी मात्र भिंतीला हात टेकला. जिवंत आहे. पैसे भरतोय म्हणजे जिवंत आहे. मेलेला माणूस पैसे कसे भरेल?

दातवाले म्हणजे दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर ज्यांच्याकडून दात करून घेतात ते. घराची पुढची खोली हाच त्यांचा कारखाना. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे आलेला प्रत्येक माणूस आधी दारात उभा राहून धापा टाकायचा आणि मग बोलायचा. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असायचे, शेकड्यांनी. माणसं त्यांना चेहऱ्याने कधी लक्षात राहिली नाहीत. रस्त्यात कुणी हसून नमस्कार केला तर ते हसू बघूनच ते ओळखायचे, की अरे, हा तर आपला खालचा जबडा, डावीकडची दाढ जरा उंच बसली होती. बायको चिडवायची, 'मला तरी ओळखता ना, का माझे दात पडल्यापासून मीही परकीच?' तिचे दात खरोखरच पडले होते. मुलगा गेला त्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांत एकेक करून हलले आणि गेले. दातवाल्याची बायको आणि तोंडाचं बोळकं, शेजारपाजारचे काय म्हणत असतील! ते किती वेळा मागे लागले, की अगं, एका आठवड्याचं काम आहे, बस इथे, माप घेतो. तिचं एकच उत्तर. 'सोन्या येऊ दे. मग करू.' पुढे पुढे तिने ते म्हणणंही सोडलं आणि त्यांनी विचारणंही सोडलं. दोघं जेवायला बसली की ती भाकरीचे तुकडे दुधात मऊ होईपर्यंत थांबायची आणि तेही मग उगाच थांबायचे.

त्या दुपारी तिने ओल्या हातांनी दारात येऊन विचारलं, 'काय म्हणाली साखर?' सांगू नये, आधी खातरजमा करावी, हे त्यांना कळत होतं. पण तोंड काही ऐकेना. ते म्हणाले, 'त्याने पैसे भरलेत.' 'कोणी त्याने?' 'सोन्याने.' बायको किंचाळली नाही, रडली नाही. पदराला हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी पुसत राहिली. मग आली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली, जिथे ती आजवर कधीही बसली नव्हती, आणि म्हणाली, 'माझे दात करा.' ते बघतच राहिले. 'अहो, बघताय काय? उद्या दारात उभा राहिला तर अशा तोंडाने त्याच्यासमोर जाऊ?'

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं दातवाल्यांना कायम वाटायचं. भांडणाला निदान धरायला टोक असतं. मी असं बोललो, तो तसं बोलला, म्हणून गेला. इथे तसलं काहीच नव्हतं. मुलाने कपडे धुण्याच्या मोठ्या यंत्रांचं दुकान टाकायचं ठरवलं, बँकेने कर्ज दिलं, बापाने जामीन म्हणून सही केली, अभिमानाने केली. दुकान दीड वर्ष चाललं आणि मग चालेना. कुठे काय चुकलं ते कुणालाच नीट कळलं नाही, यंत्रं चांगली होती, मुलगाही कष्टाळू होता. हप्ते थकले. वसुलीची माणसं आधी दुकानात, मग घरी, मग मुलाच्या मित्रांच्या घरी, मग होणाऱ्या सासऱ्याच्या कचेरीत. लग्न मोडलं. मुलगा तरीही हसायचा. एका सकाळी 'येतो' म्हणाला आणि गेला. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला राहिला होता. विसरला असेल, आत्ता परत येईल, म्हणून आईने तो काढलासुद्धा नाही. संध्याकाळपर्यंत तो पूर्ण भरून तसाच लटकत होता.

आणि मग ते शवागार. त्या दिवसाचं दातवाले कुणाशीच बोलले नव्हते. नदीत एक देह मिळाला होता, ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं, पोलिसांनी विचारलं की काही खूण सांगता येईल का. दातवाल्यांकडे खूण होती. मुलगा पंधरा वर्षांचा असताना त्याचे पुढचे दात थोडे वाकडे आले म्हणून त्यांनी त्याचं माप घेतलं होतं. तोंडात माप घट्ट होईपर्यंत तो हसत होता, लाळ गळत होती, 'बाबा, गुदमरतोय' म्हणायचं होतं पण तोंड भरलेलं. तो प्लास्टरचा जबडा फळीवर मागच्या रांगेत होता. ते तो कापडी पिशवीत घालून, बसमध्ये मांडीवर धरून घेऊन गेले. तिथल्या थंडगार खोलीत त्यांनी चष्मा पुसला आणि कुठल्याही कामाकडे बघायचे तसं बघितलं. पहिली दाढ, दुसरी दाढ, सुळ्याचा कोन. नाही. हा आपला नव्हे. त्यांना इतका आनंद झाला की ते खाली बसले, आणि लगेच लाज वाटली, कारण तो कुणाचा तरी होताच. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, 'नाही तो.' ती म्हणाली, 'मला माहीतच होतं.' पण तेव्हापासून त्यांच्या मनात एक भलतीच सवय शिरली. पेपरात कुठे बेवारस देह सापडल्याची बातमी आली की ते फळीच्या मागच्या रांगेकडे बघायचे. तिथे आहे ना ते तेवढं बघून घ्यायचे आणि पुन्हा कामाला लागायचे.

दोन दिवसांनी ते ग्राहक सल्ला केंद्रात गेले. एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दोन टेबलं आणि एक पाण्याचं पिंप, एवढाच पसारा. तिथली वकीलबाई तरुण होती, बोलायला फटकळ, पण मन लावून ऐकायची. तिने सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. 'काका, काय हे! वसुलीसाठी कोर्टात जायला कायद्याने मुदत असते. ती मुदत संपली की कर्ज कागदावर राहतं, पण कोर्टात त्याला कुणी विचारत नाही. तुमची मुदत संपायला अगदी थोडे दिवस राहिले होते. तेवढ्यात तुमच्या मुलाने पैसे भरले असतील, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजणार. म्हणजे ते कर्ज मरायला टेकलं होतं हो, त्याने उठवून बसवलं.' दातवाले हसले. वकीलबाई बघायला लागली. 'काका, हसताय काय? तुम्ही जामीन आहात. तुमचं घर आहे.' ते म्हणाले, 'नाही, म्हणजे त्यानेच भरले असतील ना?' 'तेच तर बघायचंय. ही माणसं काय वाट्टेल ते सांगतात. लेखी मागा. रक्कम किती, कुणी भरली, कशी भरली. तो तुमचा हक्क आहे, मेहेरबानी नाही. आणि तोवर एक पैसा द्यायचा नाही, कशावर सही करायची नाही, फोनवर "देतो" म्हणायचं नाही. त्याने भरलेच नसतील, तर कर्ज मेलं. तुम्ही सुटलात.'

सुटलात. जिना उतरताना हा शब्द त्यांना बुटातल्या खड्यासारखा टोचत राहिला. ही बाई हुशार आहे, आपल्या बाजूची आहे, तरी तिच्या तोंडून काय निघतंय हे तिला कुठे कळतंय? कर्ज जिवंत तर मुलगा जिवंत. कर्ज मेलं तर... तर काय? काहीच नाही, पूर्वी होतं तेच, ना इकडे ना तिकडे. पण पूर्वीचं ते आता पूर्वीसारखं राहिलेलं नव्हतं. रस्त्यावर माणसं दुकानांतून पिशव्या घेऊन बाहेर पडत होती, एक बाई कुत्र्याला रागवत होती, एक म्हातारा बाकावर बसून बूट काढून पाय चोळत होता. यांच्यातल्या कुणाचं तरी कर्ज जिवंत असावं म्हणून कुणी देवाला हात जोडत असेल का, असं त्यांच्या मनात आलं आणि स्वतःचंच हसू आलं. ते लेखी मागायला मुळीच घाई करणार नव्हते. अर्ज खिशात होता, वकीलबाईने लिहून दिलेला. तो त्यांनी दुसऱ्या शर्टाच्या खिशात ठेवला आणि तो शर्ट धुवायला टाकला.

घरी बायकोच्या दातांचं काम सुरू झालं. एवढी वर्षं हजारो तोंडांत हात घातला, पण हिच्या तोंडात घालताना त्यांची बोटं अडखळली. हिरड्या मऊ, झिजलेल्या. किती वर्षं ही नुसतं चघळत होती! ती बोलू शकत नव्हती, तोंडात माप होतं, पण तिचे डोळे फळ्यांवरून फिरत होते आणि मागच्या रांगेवर थांबले. मेणाच्या दातांची चाचणी घ्यायची म्हणजे माणसाला बोलायला लावायचं असतं. नवीन दातांत 'स' अडकतो, शीळ वाजते. ते सगळ्यांना सांगायचे तसं तिलाही म्हणाले, 'काहीतरी म्हण, स असलेलं. सासू म्हण, सासरे म्हण.' ती म्हणाली, 'सोन्या.' शीळ वाजली. त्यांनी मेण जरा कमी केलं. 'पुन्हा.' 'सोन्या.' अजून वाजत होती. 'पुन्हा म्हण.' 'सोन्या. सोन्या.' ज्या घरात हे नाव कुणी मोठ्याने घ्यायचं नाही असा न बोलता करार झाला होता, तिथे ती आता लहान पोरीसारखी तेच तेच म्हणत होती आणि ते खाली मान घालून, सूक्ष्म सूक्ष्म मेण खरवडत होते. शेवटी नाव स्वच्छ आलं. दोघंही हसली. तिच्या गालांना भरीव आकार आला होता, ती दहा वर्षांनी लहान दिसत होती. दातवाले उठून उगाच पंख्याचं बटण चालू-बंद करत बसले.

कवळी पक्की होऊन तिच्या तोंडात बसली त्या आठवड्यात साखरेचा फोन आला. बायको आत कडक टोस्ट खात होती. कर्रम कर्रम आवाज बाहेरपर्यंत येत होता आणि त्यांना तो आवाज फार आवडत होता. त्या भरातच त्यांना धीर आला असावा. ते म्हणाले, 'बाई, माझा हक्क आहे तो. मला सांगा, किती भरले आणि कसे.' साखर जरा गांगरली. तिने कुठेतरी बघितलं असावं, बटणांचा टकटक आवाज आला. 'सर, साठ.' 'साठ हजार?' 'नाही सर. साठ. नुसते साठ. रोख. आमच्या प्रतिनिधीने तुमच्या घरी येऊन घेतलेत, नाव तुमच्या मुलाचं टाकलंय.' पुढे ती बराच वेळ बोलत होती. रक्कम कितीही असो सर, भरणा तो भरणा. दातवाल्यांच्या कानात फक्त टोस्टचा आवाज येत होता.

साठ. हे साठ ते ओळखत होते. टेबलाच्या खणात डाव्या कोपऱ्यात एक पत्र्याची डबी असायची, तिच्यात फेरीचे पैसे. त्यांच्या उस्तादाने त्यांना धंदा शिकवताना पहिल्या दिवशी घालून दिलेली रीत होती. कवळी टोचली, हलली, म्हणून माणसाला पुन्हा यावं लागलं, तर त्याच्या येण्या-जाण्याचं बसभाडं आपल्या डबीतून द्यायचं, मग कवळी आपण केलेली असो नाहीतर दुसऱ्या कुणी. चूक आपल्या धंद्याची, फेरी त्याच्या खिशातून का? बसभाडं वाढलं तसं ते घडी करून ठेवलेली रक्कमही वाढवत गेले होते. हल्ली साठ होते. ही रीत दुसऱ्या कुणी पाळलेली त्यांनी ऐकली नव्हती, पण त्यांना ती पाळायची सवयच इतकी लागलेली की हात आपोआप डबीकडे जायचा.

आणि मग तो माणूस आठवला. आठवला म्हणजे त्याचं तोंड आठवलं. पन्नाशीचा, जाडसर, गुडघ्यांना धरत धरत तीन मजले चढून आलेला, दारात उभा राहून धापा टाकणारा. बोलायला लागला आणि वरची कवळी टकटक खाली यायला लागली. प्रत्येक शब्दाला टक. दातवाले शब्द ऐकतच नव्हते. मुलगा, सही, खातं, असं काहीतरी तो सांगत होता, पण त्यांचं सगळं लक्ष त्या टकटकीत. कुणी केलीय ही! उजवीकडे उंच आहे, म्हणून डावीकडून उचलतेय. एवढी साधी गोष्ट! शेवटी त्यांनी त्याला अर्ध्या वाक्यात तोडलं. 'काढा जरा.' तो चकित झाला, संकोचला, पण काढली. त्यांनी ती धुतली, निळ्या कागदावर त्याला चावायला लावलं, जिथे रंग जास्त उमटला तिथे घासलं, पुन्हा लावून बघितलं, पुन्हा घासलं. माणूस बसून होता, तोंडावर रुमाल धरून. शेवटी कवळी बसली. त्याने तोंड उघडलं, मिटलं, दोनदा 'आ' केलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. 'काय झालं?' 'काही नाही साहेब. चार वर्षांत पहिल्यांदा हलली नाही.' तो उठला. दातवाल्यांनी सवयीने डबीतून साठ काढून त्याच्या हातात कोंबले. तो घेईना. काहीतरी म्हणाला. पॉलिशची मोटर चालू होती. 'मुलाच्या नावावर टाकतो,' असंच काहीसं म्हणाला असणार. दातवाल्यांनी मोटरीकडे बघत मान हलवली होती, हो हो, टाका, म्हणून.

त्याने उपकार म्हणून टाकले की चलाखी म्हणून, हे ते पुढे कित्येक दिवस ठरवू शकले नाहीत. बिचाऱ्याला दुसऱ्याचे पैसे खिशात घालायचे नसतील. किंवा त्याला त्या दिवशी काहीतरी जमा दाखवायचीच असेल. किंवा दोन्ही. पण काही असो. दार आपण उघडलं, खुर्ची आपण दिली, पैसे आपण दिले, मान आपण हलवली. सोन्या कुठेच नव्हता. इतके आठवडे ज्याला ते पोराचा हात समजून मनातल्या मनात कुरवाळत होते, तो स्वतःचाच हात होता. ते खुर्चीत बसून राहिले. आतून बायकोने हाक मारली, 'काय म्हणते साखर?' तिचा 'स' अगदी स्वच्छ आला. एकही शीळ नाही.

'काही नाही,' ते म्हणाले. 'नेहमीचंच.'

वकीलबाई मात्र ऐकून टेबलावर हात आपटून उठली, आनंदाने. 'काका, मग झालंच की! फेरीचे पैसे म्हणजे काही कर्जाची परतफेड नाही. तुम्ही लिहून द्या, की ते पैसे मी दिले आणि दातांसाठी दिले, मुलाने काहीही भरलेलं नाही, त्याचा ठावठिकाणा आम्हाला माहीत नाही. त्यांचा भरणा रद्द. मुदत कधीच संपली. पुन्हा फोन आला तर मी आहे आणि ते आहेत.' तिने तिथल्या तिथे कागद लिहिला, वाचून दाखवला, पेन त्यांच्यासमोर ठेवलं. मुलाने काहीही भरलेलं नाही. ठावठिकाणा माहीत नाही. अक्षर सुरेख होतं. या कागदाची एक प्रत पोस्टाने घरी येणार, पोचपावती घरी येणार, आणि पोस्टमन दुपारी येतो तेव्हा दार तीच उघडते. ती सगळं वाचते. काही न बोलता वाचेल, कोरडे हात पदराला पुसत राहील. मग रात्री कवळी काढून वाटीत ठेवेल आणि सकाळी लावणार नाही. विचारलं तर टोचते म्हणेल, हिरड्या दुखतात म्हणेल. त्यांना ते इतकं स्पष्ट दिसलं की त्यांनी पेन खाली ठेवलं.

'उद्या देतो,' ते म्हणाले.

'काका, उद्या नको. आत्ता.'

'उद्या.'

वसुली कंपनीची कचेरी स्टेशनरीच्या दुकानाशेजारी होती. दातवाले पहिल्यांदाच तिथे गेले. काचेच्या खिडकीमागे एक मुलगी, भिंतीवर एक हसऱ्या कुटुंबाचं चित्र, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दोन-तीन माणसं जमिनीकडे बघत बसलेली. साखर यांच्यातलीच कुणी असेल, किंवा दुसऱ्याच शहरात असेल. मुलीने विचारलं, 'कुणाच्या नावावर?' त्यांनी मुलाचं पूर्ण नाव सांगितलं. 'तुम्हीच का?' 'नाही, मी त्याचा बाप. त्याने पाठवलेत.' एवढं खोटं त्यांनी आयुष्यात कधी इतक्या सहज सांगितलं नव्हतं. रक्कम कर्जाच्या मानाने अगदी थोडी होती, मुलीने भुवई उंचावली, पण पावती दिली. पावतीवर मुलाचं नाव होतं, आजची तारीख होती. जिन्यावर त्यांनी ती दोनदा वाचली. घरी येऊन ती बायकोच्या हातात दिली आणि हातपाय धुवायला गेले, तिच्या तोंडाकडे बघायचा धीर झाला नाही. परत आले तर तिने पावती फळीवर ठेवली होती, मागच्या रांगेत, त्या जबड्याखाली.

पुढच्या महिन्यातही दिली. त्याच्या पुढच्याही. वकीलबाई एकदा बाजारात भेटली, भाजीच्या पिशवीसकट त्यांच्यासमोर उभी ठाकली. 'काका, माझ्या कानावर आलंय. तुम्ही भरताय. का पण? असं थोडं थोडं भरलंत तर व्याजसुद्धा फिटत नाही. हे कर्ज तुम्ही मरेपर्यंत संपणार नाही, कळतंय का तुम्हाला?' ते म्हणाले, 'कळतंय.' 'मग?' त्यांना सांगायचं होतं, की बाई, ते संपायलाच नको आहे. पण भर बाजारात हे कसं सांगणार? ते म्हणाले, 'तुमची खालची डावी दाढ दुखते का? एका बाजूने बोलताय.' ती रागाने निघून गेली, आणि दोन पावलं गेल्यावर तिचा हात गालाकडे गेला.

पैसे कमी पडायला लागले होते, हे खरं. पॉलिशची मोटर मधेच बंद पडायची, तिला ते थोपटून चालू करायचे. दुधाचं प्रमाण घटलं, आणि बायकोने ते लक्षात आलेलं नाही असं दाखवलं. मुख्य म्हणजे चष्मा. नंबर वाढला होता, बारीक काम करताना दोन-दोन सुळे दिसायचे, एका डॉक्टरने कवळी परत पाठवली, मग दुसऱ्यानेही. फेरीचे पैसे डबीतून जास्त जायला लागले. डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर काढून झाला होता, चष्मा करायला टाकायचा तेवढा राहिला होता. होईल पुढच्या महिन्यात, म्हणत चार महिने गेले. ते भिंग धरून काम करायचे, एका हाताने भिंग आणि एका हाताने मेण, आणि दारात बायकोची चाहूल लागली की भिंग खणात टाकायचे.

त्या महिन्यात पैसे भरायच्या आदल्या दिवशी दोघं जेवायला बसली होती. खिडकीतून संध्याकाळचा उजेड ताटांवर पडला होता. ती भाकरी कोरडीच तोडून खात होती, दुधाशिवाय, ठामपणे, नीट चावून. दातवाले आमटीत पडलेला केस शोधत होते आणि तो केस नव्हता, ताटावरचा चरा होता. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. मग तिने हातातला घास खाली ठेवला, पाण्याचा घोट घेतला, आणि उंबऱ्याकडे बघत, अगदी सहज, म्हणाली,

'अहो, सोन्याला सांगा, या महिन्यात नाही भरले तरी चालेल. बाबांचा चष्मा आधी होऊ दे म्हणावं.'

त्यांचा हात ताटावर थांबला. त्यांनी वर बघितलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. पदराला हात पुसत होती, आणि हात कोरडेच होते. कधीपासून माहीत होतं हिला? पहिल्या पावतीपासून? का त्याच्याही आधी, तो टकटक्या माणूस जिना उतरून गेला तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून तिने सगळं ऐकलं होतं? आणि तरी ती खुर्चीत येऊन बसली होती, माझे दात करा म्हणून. तोंड उघडून बसली होती. त्यांचे दोन-दोन बघणारे डोळे भरून आले आणि समोर दोन बायका दिसायला लागल्या, दोघीही पुन्हा भाकरी चावत होत्या.

'सांगतो,' दातवाले म्हणाले.